अंगावर शाल पडल्यावरही वाक्य पूर्ण करणारे गमरेसाहेब

राजदूत रघुनाथ गमरे यांची आणि माझी पहिली भेट दादरच्या एका व्याख्यानमालेत झाली. ते वक्ते होते आणि मी सूत्रसंचालक. विषय होता ‘दहशतवादाचा समूळ नायनाट’. विषय ठरवतानाच उत्तरही ठरवून टाकायचे ही आपल्याकडची जुनी खोड. गमरेसाहेब तेव्हा परराष्ट्र सेवेतून नुकतेच निवृत्त होऊन परळला परतले होते. समुद्रापलीकडच्या ज्या देशात तिथले सरकार आणि एक सशस्त्र गट यांच्यात वर्षानुवर्षे युद्ध चालू आहे, त्या देशात ते आपले राजदूत होते. आता तोफा, विमाने, कमांडो असे काहीतरी अंगावर काटा आणणारे ऐकायला मिळणार, या आशेने मंडळी पंख्याखालच्या खुर्च्या लवकर येऊन अडवून बसली होती.

साहेबांनी त्या देशातल्या एका बंदराच्या शहराची गोष्ट सांगितली. सरकारी फौजांनी ते शहर जिंकले, गटाने परत घेतले, पुन्हा फौजांनी जिंकले, आणि दर खेपेला शहरात राहणारी माणसे कमी होत गेली. मग ते म्हणाले, “ही लढाई जिंकता येते. आजवर बऱ्याचदा जिंकून झाली आहे. संपवायची असेल तर त्या लोकांशी बोलावं लागेल. आणि बोलणं म्हणजे...”

तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ ताडकन उठले. “शहिदांच्या रक्ताचा सौदा करायला आलात काय?” मागून आणखी चार आवाज चढले. साहेब थांबले. सभागृह शांत होण्याची वाट पाहू लागले. तेवढ्यात व्याख्यानमालेचे चिटणीस हातात शाल आणि बगलेत नारळ घेऊन लगबगीने वर आले आणि त्यांनी त्या अर्धवट वाक्यावरच साहेबांच्या खांद्यांवर शाल घातली! नारळ हातात कोंबला, पुष्पगुच्छ त्यावर ठेवला आणि मला दबक्या आवाजात फर्मावले, “आभार माना, आभार.” मी माइकवरून म्हटले, “साहेबांचं वाक्य पूर्ण व्हायचं आहे.” पुढच्या क्षणी माइक बंद झाला.

एखाद्याचे तोंड बंद करायचे असेल तर त्याचा सत्कार करावा, ही युक्ती जगाच्या पाठीवर आमच्याखेरीज कोणाला सुचली असेल असे मला वाटत नाही. अंडी फेकणारे परवडले, ते निदान फेकणारे आहेत हे कळते तरी. साहेब मात्र शाल तशीच अंगावर ठेवून व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले, पहिल्या रांगेसमोर उभे राहिले आणि दाराकडे निघालेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आणि बोलणं म्हणजे मान्य करणं नव्हे. एवढंच सांगायचं होतं. धन्यवाद.” मग नारळ माझ्या हातात देत म्हणाले, “चटणी करा, बाई. आमच्याकडे आजच एक आणलाय.”

मी गिरगावात राहते आणि दादरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. त्या दिवसापासून मी साहेबांची विद्यार्थिनी आहे. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला आनंद झाला. तो आनंद गौरव समितीच्या कार्याध्यक्षांचा फोन येईपर्यंतच टिकला. “मॅडम, झकास लिहा,” ते म्हणाले. “बालपण, चाळ, हालअपेष्टा, तिथून थेट राजदूत! स्वभाव, आवडीनिवडी येऊ द्या. ते युद्धाचं आणि वाटाघाटींचं मात्र एका ओळीत आटपा. गौरवग्रंथ आहे, उगाच वाद नको.”

मी विचारले, “मग गौरव कशाचा करायचा?”

“माणसाचा करायचा ना!”

माणसाचा म्हणजे कोणाचा? साहेबांचे वडील गिरणीत कामाला होते, परळच्या चाळीतल्या एका खोलीत आठ माणसे राहत होती, आजूबाजूच्या बौद्ध वस्तीने वर्गणी काढून त्यांना पुढच्या शिक्षणाला पाठवले, हे सगळे खरे आहे आणि या ग्रंथात इतरांनी ते छान लिहिलेलेही असेल. पण समितीला त्यांच्या गरिबीचा अभिमान आणि त्यांच्या मताची लाज, हा काय प्रकार आहे? गरिबी त्यांनी निवडली नव्हती. मत निवडले आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून मी कार्याध्यक्षांना सांगून टाकले की माझा लेख छापायचा तर पुरता छापा, नाहीतर त्या पानांवर जाहिरात घ्या. लेख आपल्या हातात आहे, त्यावरून वाचकांनी काय झाले ते ओळखावे.

साहेबांच्या कामाची पद्धत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. परळच्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी त्यांचा अभ्यासवर्ग भरतो. प्रवेश सर्वांना खुला असतो, अट एकच. कोणतेही युद्ध संपवण्याचा कोणताही उपाय मांडा, त्यावर साहेब एकच प्रश्न विचारणार: “ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोण सोडणार?” नवख्या माणसाला वाटते की साहेब विनोद करत आहेत. एकदा एका तरुणाने मोठ्या आवेशात सांगितले की बंदराच्या शहरावर पूर्ण ताकदीनिशी चढाई करावी, गट संपवून टाकावा. साहेबांनी विचारले, पाणी कोण सोडणार? शहराचे जलकेंद्र चालवणारे तंत्रज्ञ गेली कित्येक वर्षे त्या गटाकडून पगार घेतात. त्यांना अतिरेकी म्हणून उडवणार की नळाला पाणी यावे म्हणून ठेवणार? दुसरा म्हणाला, नाकेबंदी करू. साहेब म्हणाले, बंदर बंद झाले की चोरवाटा उघडतात आणि चोरवाटांवर त्या गटाचाच पहारा असतो. माणसे उपाशी मरतील आणि गट मात्र पोसला जाईल. तिसऱ्याचा उपाय होता नेत्यांना वेचून टिपण्याचा. “टिपता येतील,” साहेब म्हणाले. “मग बोलायला कोण उरेल? त्यांची भडक माथ्याची पोरं. बापाशी भांडण मिटवता आलं नाही म्हणून बापाला मारायचा आणि मुलाशी बोलणी करायची, असं कोणत्या चाळीत चालतं?”

हा पाण्याचा प्रश्न त्यांच्या डोक्यात लहानपणापासून बसला आहे. त्यांच्या चाळीचा तळमजल्यावरचा सार्वजनिक नळ एकदा मागच्या पत्र्याच्या झोपड्यांतल्या दांडगट मुलांनी ताब्यात घेतला. पोलीस आले, त्यांनी मुलांना पिटाळले आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा नळावर. असे बरेच दिवस चालले. शेवटी साहेबांचे वडील त्या मुलांकडे गेले, आणि जाताना त्यांनी गिरणीच्या व्यायामशाळेतले दोन तगडे गडी मागे उभे केले. गडी काही बोलले नाहीत, वडील बोलले. तेव्हा कळले की मागच्या झोपड्यांना पाण्याचा थेंबही मिळत नव्हता. पहाटेची वेळ त्यांना तोडून दिली आणि नळ सुटला. साहेब ही गोष्ट सांगतात तेव्हा लोक एक तर वडिलांचे कौतुक करतात नाहीतर गड्यांचे. साहेब हसून म्हणतात, “दोघेही लागतात हो. पण गड्यांना बोलायला पाठवलं असतं तर नळ अजून तिथेच अडकला असता.”

म्हणून त्यांना शांततेचे कबूतर म्हणणाऱ्यांचा मला जितका राग येतो तितकाच देशद्रोही म्हणणाऱ्यांचाही येतो. राजदूत असताना त्यांनी तिथे एक तात्पुरता युद्धविराम घडवून आणण्याला मोठा हातभार लावला होता. गटाच्या बाजूने बोलायला येत ते एक वृद्ध गृहस्थ, पूर्वीचे शाळामास्तर. साहेब त्यांना ‘मास्तर’ म्हणत, अजूनही म्हणतात. युद्धविराम चालू असताना गटाच्या बोटींनी धान्याच्या जहाजांवर हल्ला केला. तेव्हा त्या बोटी बुडवा, असा तिथल्या सरकारला सल्ला देणाऱ्यांत साहेब पहिले होते. बोटी बुडाल्या आणि मास्तर पुढच्याच आठवड्यात मुकाट्याने टेबलापाशी आले. हे सांगताना साहेबांच्या चेहऱ्यावर मर्दुमकी नसते. “त्या बोटींवर अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती,” ते म्हणतात, “आणि मी सल्ला बरोबरच दिला होता. दोन्ही खरं आहे.” मी एकदा वृत्तपत्रातल्या लेखात ‘खातमा’ असा शब्द वापरला होता, तेव्हा त्यांनी फोन करून विचारले, “खातमा म्हणजे किती माणसं, बाई?” तेव्हापासून तो शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. लालबागच्या सुवर्णा परब यांचे पती महेश एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करतात. परबांचे घराणे मूळचे मालवणकडचे, सासरे गिरणीत होते. गिरणी गेली तसा मुलगा समुद्रावर गेला. युद्ध पुन्हा भडकले तेव्हा बंदराजवळून जाणारे ते जहाज गटाने पकडले आणि महेश यांच्यासह सगळे खलाशी ओलीस ठेवले. दूरचित्रवाणीवर त्या बातमीला एक दिवस मिळाला. सुवर्णाताई या दारातून त्या दारात हिंडल्या. अखेर कोणीतरी सांगितले म्हणून एका शनिवारी त्या विहाराचा जिना चढून आल्या.

आमच्या वर्गात एक खुर्ची शत्रूची असते. जो ज्या बाजूचा तिटकारा करतो त्याने त्या खुर्चीत बसून त्या बाजूचे म्हणणे ‘मी’ म्हणून मांडायचे, हा साहेबांचा शिरस्ता. त्या दिवशी गटाच्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. समोर त्या बाई बसलेल्या. त्यांच्यादेखत ते नाटक कोण करणार? साहेबांनीही खुर्ची बाजूला सरकवली. तेव्हा सुवर्णाताईच म्हणाल्या, “सर, मी बसते.”

“नको, ताई. याची गरज नाही.”

“बसते हो. रोज घरी तेच करते मी. भांडी घासताना पण डोक्यात तेच, त्यांना पायजे तरी काय?”

त्या बसल्या, त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “मी ते लोक असते ना, तर ह्यांना सोडलंच नसतं. पैसे दिले तरी नाय. ह्यांना सोडलं की दुसऱ्या मिनिटाला वरून बॉम्ब. हे बंदरात आहेत म्हणून तर आम्ही वाचलोय.” आणि मग त्या त्याच खुर्चीत रडू लागल्या. साहेब उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले आणि त्या शांत झाल्यावर म्हणाले, “ताई, तुम्ही आज मला मोठी मदत केलीत. सगळे खंडणीचा आकडा शोधत बसलेत. त्यांना पैसा नकोय, त्यांना डोक्यावरचं आकाश मोकळं हवंय.”

सशस्त्र गटांशी सरकारने उघडपणे बोलू नये असे जगभरचे संकेत असतात. त्यामागची कारणे साहेबांना ठाऊक आहेत आणि ती त्यांना पटतातही. म्हणून त्यांनी ते काम निवृत्त माणूस म्हणून, स्वतःच्या घरातून, स्वतःच्या फोनवरून सुरू केले. मात्र प्रत्येक पावलाची खबर संबंधितांना देऊन. लपूनछपून काही नव्हते. मास्तर जिवंत होते. त्यांना शोधून काढायलाच बरेच दिवस गेले. पहिल्या फोनवर दोघे म्हातारे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत बसले होते, असे साहेबांच्या पत्नी, गमरेकाकू, सांगतात. हळूहळू एक आराखडा तयार झाला. बंदरावर विमाने येणार नाहीत, त्या बदल्यात आजारी खलाशी आधी सुटतील. मग धान्याची जहाजे आत येतील. मग उरलेले खलाशी, मग दोन्ही बाजूंचे कैदी, आणि सगळे पार पडले तर तिसऱ्या देशात दोन्ही बाजू समोरासमोर बसतील. युद्ध संपवण्याचा रस्ता खलाशांच्या सुटकेपासून सुरू होत होता. तिथल्या सरकारनेही त्याला नाही म्हटले नव्हते.

आजारी खलाशी सुटले! विमानतळावर त्यांना घ्यायला हारतुरे घेऊन जी मंडळी गेली होती त्यांत साहेब नव्हते. ते घरी फोनपाशी बसून होते, कारण महेश परब दुसऱ्या तुकडीत होते.

आणि मग आमचे शूर वीर जागे झाले. ही बोलणी परळच्या एका घरातून चालली आहेत हे कुठूनतरी फुटले. त्या संध्याकाळी एका वाहिनीवर ‘अतिरेक्यांचा जिगरी दोस्त’ अशी पट्टी साहेबांच्या छायाचित्राखाली फिरत होती. आयुष्यात कधी बंदुकीचा आवाज ऐकला नसेल अशा माणसांनी टेबलावर मुठी आपटत विचारले की याला पगार कोण देते. साहेबांच्या इमारतीतल्या दारावरच्या पाटीवर कोणी डांबर फासले. इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर एका शेजाऱ्याने लिहिले की अशा लोकांमुळे सोसायटीचे नाव खराब होते. त्या शेजाऱ्याच्या मुलीला परदेशी शिष्यवृत्ती मिळावी म्हणून शिफारसपत्र साहेबांनीच दिले होते. साहेबांनी पाटी रॉकेलने पुसली, आणि डाग राहिला तो राहू दिला. चिडून मी म्हटले, “सर, अब्रुनुकसानीचा दावा लावा.” ते म्हणाले, “दावा लावला तर मला कोर्टात बसावं लागेल. मास्तरांचा फोन कोण घेईल?”

इकडे मुठी आपटल्या जात होत्या आणि तिकडेही तसेच काही आपटले गेले असावे. दुसरी तुकडी सुटायच्या आदल्या दिवशी त्या देशाच्या विमानांनी बंदरावर बॉम्ब टाकले.

आमच्या वाहिन्यांनी त्याला ‘निर्णायक घाव’ म्हटले. काय निर्णय लागला, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. गट संपला नाही, युद्ध संपले नाही. बंदरातले धान्याचे कोठार जळाले. मास्तरांचे वजन त्यांच्याच गटात कमी झाले, कारण बोलणाऱ्याचे तोंड भाजले की न बोलणाऱ्यांची चलती होते. उरलेल्या खलाशांना तरुण सेनानायकांनी डोंगरात हलवले. आणि लालबागच्या नाक्यावर पेढे वाटले गेले. होय, पेढे. परक्या देशाच्या विमानांनी परक्या देशाच्या बंदरावर टाकलेल्या बॉम्बचे पेढे, जिथे आपल्याच गल्लीतला माणूस ओलीस होता! उत्साही कार्यकर्त्यांची टोळी दारोदार फिरली आणि सवयीने परबांच्या दारातही गेली. “वहिनी, तोंड गोड करा, फाडून टाकलं त्यांना.” सुवर्णाताईंनी पेढा हातात घेतला. नाही म्हणायचे त्यांना सुचलेच नाही. मागून सासूबाई ओरडल्या, “मेल्यांनो, माझो झील थंय आसा रे!” तेव्हा कुठे त्या मुलांच्या डोक्यात प्रकाश पडला की या घरचा मुलगाच त्या बंदरात आहे. ती मुले वाईट नाहीत. त्यांतला एक दुसऱ्या दिवशी येऊन सासूबाईंच्या पाया पडून गेला. पण कोणाच्या घरात काय चालले आहे हे विसरायला लावणारा तो उन्माद त्यांच्या डोक्यात ज्यांनी भरला, ते पाया पडायला आले नाहीत. ते दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

साहेबांना मी खचलेले एकदाच पाहिले आहे, ते त्या आठवड्यात. शनिवारी वर्गात ते आले, खुर्चीत बसले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “मी मास्तरांना शब्द दिला होता,” एवढेच म्हणाले. शब्द त्यांनी मोडला नव्हता. तो त्यांच्या हातून हिसकावून घेतला गेला होता. तरी त्यांनी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवले नाही. वर्ग संपल्यावर उठले आणि चालत लालबागला गेले.

त्या भेटीत मी बरोबर होते. परबांच्या घरी गणपती बसले होते. साहेब बौद्ध, ते आरतीला उभे राहत नाहीत आणि तसे कोणी त्यांना सांगितलेही नाही. ते सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. सासूबाईंनी विचारले, “साहेबांनू, माझो झील कधी येतलो?”

तिथे असलेल्या कोणीही ‘येईल हो आजी, लवकरच येईल’ म्हटले असते. मीही म्हटले असते. साहेब म्हणाले, “आजी, मला माहीत नाही. तो जिवंत आहे असं मला कळलंय. मी विचारत राहीन.”

म्हातारी म्हणाली, “खोटा नाय सांगल्यात, ता बरा केल्यात. मोदक खावा.” साहेबांनी दोन खाल्ले.

त्या दिवसापासून आजपर्यंत साहेब दर शनिवारी वर्गानंतर सुवर्णाताईंना काय घडले ते सांगतात. बहुतेक वेळा ‘आज काही नाही’ हेच सांगायचे असते, आणि ते तेच सांगतात. वाईट बातमी गोड करून सांगायची नाही आणि बातमी नसताना फोन टाळायचा नाही, याला मी सौजन्यापेक्षा मोठा शब्द शोधते आहे. मध्यंतरी महेश यांचा आवाज मिळाला. छोटासाच निरोप होता, मी बरा आहे, आईला गोळ्या वेळेवर द्या. तो मिळवायला साहेबांना काय करावे लागले ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. सुवर्णाताईंनी तो निरोप वर्गात सगळ्यांना ऐकवला. मग त्या आपणहून गटाच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “चला, आता पुढे काय मागू ते बोला.”

साहेबांच्या स्वभावातल्या उणिवाही लिहायला हव्यात, नाहीतर त्यांनाच हा लेख खोटा वाटेल. ते वर्गात उशिरा आलेल्याला दारातच उभे करतात. कोणी ‘शांतता ही काळाची गरज आहे’ असे वाक्य टाकले तर उघडपणे जांभई देतात. डॉक्टरांचे अजिबात ऐकत नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी फोन मागितला. डॉक्टरांनी ताण घेऊ नका, असे बजावले. काकू म्हणाल्या, “त्यांचा ताण डोंगरात बसलाय, डॉक्टर. तो तुमच्या गोळीने कसा उतरणार?”

बोलणी आता पुन्हा सुरू झाली आहेत. तरुण सेनानायकांनाही कळू लागले आहे की डोंगरात माणसे ठेवून बंदर परत मिळत नाही. आणि तिथल्या सरकारलाही कळू लागले आहे की बंदर जाळून पाणी सोडता येत नाही. आराखडा जवळजवळ तोच आहे. मधल्या काळात जी माणसे मेली ती तेवढी वाढली. पण या दोन बाजूंमध्ये विश्वासाचा जो एक धागा आहे तो दोन म्हाताऱ्यांच्या हातात आहे. मास्तर साहेबांहून मोठे. फोनवर बोलताना त्यांना धाप लागते. साहेबांच्या शेजारी बसून हे काम शिकून घ्यायला, उद्या तो फोन उचलायला, कोणी माणूस नेमलेला नाही. विमाने विकत घ्यायला पैसा लागतो आणि तो मिळतो. एका माणसाच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवायला काय लागते? समितीने ग्रंथासाठी जाड गुळगुळीत कागद आणला आहे, सभागृह आरक्षित केले आहे, सनईवाले ठरवले आहेत. साहेबांनी आयुष्यभर जे केले ते पुढे चालवणारा एक माणूस मात्र आपण उभा केला नाही. याचा मला संताप आहे आणि तो या गौरवग्रंथात नोंदवल्याबद्दल मी कोणाचीही क्षमा मागणार नाही.

गौरवलेखाच्या शेवटी उत्सवमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी काय चिंतावे, म्हणून परवा सुवर्णाताईंना विचारले. त्या लाजल्या. “मला काय लिवायला येतं, मॅडम,” म्हणाल्या. मी म्हटले, लिहायचे नाही, फक्त सांगा. तेव्हा त्या म्हणाल्या,

“सरांना म्हणावं, तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या. तुमच्यासाठी नाय म्हणत मी, माझ्यासाठी जपा. ह्यांना अजून घरी आणायचंय.”